लोकशिक्षण-अनुदान

शाळेच्या औपचारिक चौकटीबाहेर राहिलेल्या मुलांच्या व प्रौढांच्या शिक्षणासाठी संस्था, मंडळे वा स्थानिक समित्या जे उपक्रम चालवितात, त्यांना शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, विश्वस्त निधी अथवा उद्योगसंस्था यांच्याकडून मिळणारे सशर्त अर्थसाहाय्य म्हणजे लोकशिक्षण-अनुदान होय. देणगी ही दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते व तिच्या विनियोगावर बंधन असतेच असे नाही. कर्ज परत करावे लागते. अनुदान परत करावे लागत नाही. परंतु ते ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत खर्च करून त्याचा हिशेब द्यावा लागतो. या साहाय्याची मागणी करताना कामाची गरज, उद्दिष्ट, कार्यपद्धती, खर्च आणि अपेक्षित फलित यांची जी लेखी मांडणी केली जाते, तिला अनुदानप्रस्ताव म्हणतात.

अनुदान मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागण्यासाठी लेखन, हिशेब व संघटना यांची आवश्यकता असते. ज्या समाजगटांना शिक्षणाची गरज सर्वाधिक, त्यांच्याजवळ नेमकी हीच साधने सर्वांत कमी असतात. महाराष्ट्रातील लोकशिक्षण-अनुदानाचा इतिहास हा बव्हंशी या अंतर्विरोधाचा आणि तो दूर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. पुणे शहरापासून पिंपरी-चिंचवडमार्गे तळेगाव-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या इतिहासाचे जवळजवळ सर्व टप्पे आढळतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या परिसराच्या आधारे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिशपूर्व काळात विद्येला मिळणारा आश्रय इनाम, वर्षासन व दक्षिणा या रूपांत असे. चिंचवड येथील मोरया गोसावींच्या देव संस्थानाला वेगवेगळ्या सत्तांकडून इनामे मिळाली होती व त्यांच्या सनदा उपलब्ध आहेत. सत्ता बदलली की अशा सनदा नव्याने मान्य करून घ्याव्या लागत. धर्मकार्य व अन्नदान यांसाठी दिलेल्या या इनामांत सार्वजनिक शिक्षणाची कल्पना नव्हती. तथापि आश्रयदात्याकडे जाऊन पूर्वीच्या लेखी आधारावर साहाय्य चालू ठेवण्याची विनंती करणे, ही रीत या प्रदेशाला जुनीच होती.

विद्येसाठी रोख रक्कम देण्याची प्रथा तळेगाव (दाभाडे) येथे विशेष प्रसिद्धीस आली. सेनापती खंडेराव दाभाडे हे विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा देत असत. खंडेरावांचे १७२९ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मारले गेल्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात पुढे चालविली. विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणेची रक्कम ठरविली जाई. हे साहाय्य परीक्षेवर आधारलेले असले, तरी त्याचा लाभ एका जातीपुरता आणि संस्कृत विद्येपुरता मर्यादित होता. घेणाऱ्याने दक्षिणेच्या मोबदल्यात इतरांना शिकविलेच पाहिजे, असेही बंधन नव्हते. दक्षिणा व्यक्तीला मिळे, कार्याला नव्हे.

दक्षिणा निधीचे रूपांतर : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर मौंटस्टूअर्ट एल्फिन्स्टन याने लोकांचा रोष टाळण्यासाठी दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रकमेतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. अशा रीतीने व्यक्तींना वाटली जाणारी रक्कम प्रथमच एका शिक्षणसंस्थेकडे वळली. पुढे या पाठशाळेचे रूपांतर होत जाऊन १८५१ मध्ये पूना कॉलेज अस्तित्वात आले.

याहून महत्त्वाचा बदल १८४९ च्या अर्जाने घडून आला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख व त्यांच्या मताच्या सुधारकांनी सरकारकडे अशी मागणी केली, की दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांच्या निर्मितीसाठी खर्च व्हावा व तिचा लाभ सर्व जातींना खुला असावा. या मागणीमुळे पुण्यातील सनातनी वर्गात मोठा क्षोभ निर्माण झाला. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्यास प्रारंभ झाला. आधुनिक अर्थाने पाहता, सार्वजनिक निधीचा वापर सार्वजनिक ज्ञानासाठी व्हावा म्हणून एकत्र येऊन लेखी प्रस्ताव मांडण्याचे महाराष्ट्रातील हे एक आरंभीचे उदाहरण होय. अर्जदारांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, हा त्याचा विशेष. जुन्या निधीचा हेतूच बदलावा, ही त्यांची मागणी होती.

याच निधीचा लाभ महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्यासही झाला. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढल्यानंतर जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींसाठी आणि महार, मांग इ. जातींच्या मुलांसाठी आणखी शाळा सुरू केल्या. आरंभीचा खर्च वर्गणी व मित्रांचे साहाय्य यांतून भागविला जाई. पुढे व्यवस्थापक मंडळी नेमून रीतसर कारभार सुरू झाला, जाहीर परीक्षा घेण्यात आल्या आणि त्यानंतर मुलींच्या शाळांना दक्षिणा निधीतून मासिक साहाय्य मंजूर झाले. आधी काम, मग मंडळ, मग जाहीर परीक्षा आणि शेवटी अनुदान, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १८५५ मध्ये फुले दांपत्याने कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. काम करून शिकणाऱ्यांची सोय पाहणारा हा वर्ग पुढील काळातील प्रौढ शिक्षणाचा पूर्वगामी म्हणता येईल.

सहायक अनुदानाची पद्धत : १८१३ च्या सनदी कायद्याने भारतातील शिक्षणासाठी प्रतिवर्षी एक लाख रुपयांची तरतूद केली होती, परंतु तिच्या वाटपाची निश्चित पद्धत नव्हती. ती १८५४ च्या वुडच्या खलित्याने घालून दिली. खाजगी शाळेला सरकारी साहाय्य मिळण्यासाठी तिने चांगले लौकिक शिक्षण द्यावे, तिची व्यवस्था जबाबदार स्थानिक मंडळाकडे असावी, तिने सरकारी तपासणी मान्य करावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडे तरी शुल्क घ्यावे, अशा अटी त्यात होत्या. आजच्या बहुतेक अनुदानयोजनांतील नोंदणीकृत संस्था, तपासणीचा अधिकार व लोकांचा वाटा या अटींचे मूळ येथे सापडते.

१८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा याप्रमाणे स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. त्यामुळे शिक्षणाच्या खर्चाचा भार प्रत्यक्ष शेतकऱ्यावर पडला. मात्र त्या खर्चातून उभ्या राहिलेल्या शाळांचा लाभ त्याच्या मुलांना कितपत मिळतो, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

याच दशकात इलाख्यात परीक्षाफलानुसार अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये अशा प्रकारचे नियम लागू झाले होते. निरीक्षकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन परीक्षा घ्यावयाची आणि जितकी मुले जितक्या विषयांत उत्तीर्ण होतील, त्या प्रमाणात शाळेला रक्कम द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. सरकारी पैशाचा मोबदला मोजता येतो, हा तिचा गुण मानला गेला. तथापि उत्तीर्ण होण्याजोगे मूल शाळेला किफायतशीर ठरू लागले, तर सुगीच्या दिवसांत गैरहजर राहणारे, घरी अक्षरओळख नसलेले मूल तिच्या दृष्टीने तोट्याचे ठरले.

फुले यांची साक्ष : १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगापुढे फुले यांनी त्याच वर्षी १९ ऑक्टोबर रोजी निवेदन सादर केले. शाळा चालविण्याचा, तसेच त्यांच्यासाठी सरकारी साहाय्य मिळविण्याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना होतो, असे त्यांनी दाखवून दिले व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

परीक्षाफलानुसार अनुदानाविषयी त्यांनी मांडलेला मुद्दा विशेष मूलगामी होता. गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षणाची आवड अद्याप निर्माण झालेली नसताना ही पद्धत तेथे उपयोगी पडणार नाही. कारण तेवढ्या मिळकतीवर उदरनिर्वाह होणार नसल्याने कोणताही शिक्षक आपल्या जबाबदारीवर अशा वस्तीत शाळा काढण्यास पुढे येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षणाची आवड निर्माण होईपर्यंत सरकारने स्वतः शाळा चालवाव्यात व मुलांना विशेष उत्तेजन द्यावे, असे त्यांनी सुचविले. फळ पाहून पैसे देण्याची पद्धत जेथे झाड अगोदरच रुजले आहे तेथेच चालते, असा या युक्तिवादाचा मथितार्थ सांगता येईल. सक्तीच्या शिक्षणाची मागणी आयोगाने स्वीकारली नाही. परीक्षाफलानुसार अनुदानाची पद्धत सोडून देण्याचे धोरण १९०४ च्या सरकारी ठरावाने जाहीर झाले.

अनुदानाविना प्रयत्न : सरकारी साहाय्य नाकारून वा त्याची वाट न पाहता लोकवर्गणीवर शिक्षण उभारण्याचे प्रयत्नही या परिसरात झाले. स्वदेशी चळवळीच्या काळात विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षण देणारे विद्यालय तळेगाव येथे होते. ते १९१० मध्ये सरकारने बंद पाडले. अनुदान न घेतल्याने तपासणीतून सुटका होते, सत्तेपासून संरक्षण मिळतेच असे नाही, हे यातून दिसून आले. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रेरणेने दर माणशी एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगावातच निघाला व तेथे काचकामाचे शिक्षण घेतलेले कारागीर अन्यत्र पसरले. अत्यल्प रकमेची, परंतु असंख्य लोकांची वर्गणी हाही निधी उभारण्याचा समर्थ मार्ग ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी पुण्यात दारोदार फिरून वर्गणी जमविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) विद्यार्थ्यांचे श्रम, गावकऱ्यांनी दिलेले धान्य व सरकारी अनुदान या तिन्हींची सांगड घातली. १९४८ मध्ये भाऊरावांच्या सरकारवरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले, त्या वेळी लोकांच्या वर्गणीवर तिने तग धरला. पुढे अनुदान पूर्ववत झाले. लोकांचा वाटा ही केवळ प्रस्तावात भरण्याची अट नसून संकटकाळातील आधारही असतो, असे या घटनेवरून म्हणता येते.

प्रौढ व सामाजिक शिक्षण : १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यानंतर प्रौढ शिक्षणाला शासकीय कार्यक्रमाचे स्वरूप आले. स्वातंत्र्यानंतर साक्षरतेला आरोग्य, नागरिकत्व व व्यवसाय यांच्या शिक्षणाची जोड देऊन सामाजिक शिक्षण ही संज्ञा प्रचारात आली. याच सुमारास मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० संमत झाला. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील नोंदणीबरोबरच धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी व हिशेबतपासणी ही शैक्षणिक संस्थांसाठी नित्याची बाब बनली.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली व पुढे राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम ही लोकशिक्षणाची निराळी वाट होती. गावातील शिक्षक, विद्यार्थी व साक्षर नागरिक यांनी मानधन न घेता निरक्षरांना शिकवावयाचे आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ करावयाचा, अशी तिची पद्धत होती. अनुदानाचा अर्ज करण्याची पात्रता नसलेल्या गावांपर्यंतही ती पोहोचली. परंतु नवसाक्षरांसाठी वाचनालये व पुढील वर्ग यांची कायम व्यवस्था न झाल्याने अनेक ठिकाणी लोक पुन्हा निरक्षरतेकडे वळले. उत्साहाने आरंभ होतो, सातत्यासाठी मात्र नियमित खर्चाची तरतूद लागते, हा या मोहिमेचा धडा होय.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी लोकांना साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यात स्वयंसेवी संस्थांना केंद्र शासनाकडून थेट साहाय्य देण्याची योजना होती. सु. तीस प्रौढांचे एक केंद्र, त्यावर अल्प मानधनावरील निदेशक, अनेक केंद्रांवर एक पर्यवेक्षक व सर्वांवर प्रकल्प अधिकारी, अशी रचना असे. त्यामुळे प्रस्तावलेखनाला एक ठराविक साचा मिळाला आणि हिशेब सोपा झाला. मात्र केंद्रांची संख्या व पटावरील नावे हीच प्रगतीची खूण समजली जाऊ लागली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा साक्षरता समितीकडे निधी देण्याची पद्धत आली. सर्वसाधारण जिल्ह्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा २ : १ असे. साक्षर भारत योजना २००९ ते २०१८ या काळात चालली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात अध्यापनाचे काम विनामानधन स्वयंसेवकांवर सोपविण्यात आले. [→ प्रौढ शिक्षण].

पुणे जिल्ह्यातील अनौपचारिक शिक्षणाच्या प्रयोगांचाही येथे निर्देश केला पाहिजे. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्यास आली. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने १९७९ पासून जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा गुरे राखणाऱ्या वा घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग चालविले. गावकऱ्यांशी बोलून वर्गाची वेळ व जागा ठरविणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळा सोडलेल्या ग्रामीण युवकांना हातांनी काम करीत तंत्रशिक्षण देण्याची पद्धत विकसित केली. मागणी लिहिण्यापूर्वी लहान प्रमाणात काम करून पाहणे व त्याची नोंद ठेवणे, हे या दोन्ही प्रयोगांतून अधोरेखित झाले.

औद्योगिक पट्टा : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर या परिसरात मोटार, यंत्रसामग्री व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने झपाट्याने वाढले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तिची लोकसंख्या १९९१ मध्ये सु. ५·१७ लाख व २०११ मध्ये सु. १७·२७ लाख होती. पुढे औद्योगिकीकरण चाकण परिसरात पसरले आणि २००९-१० च्या सुमारास तेथे मोठे मोटार-कारखाने उभे राहिले.

या वाढीबरोबर शिक्षणाच्या गरजेचे स्वरूप बदलले. प्रारंभीच्या मोठ्या कारखान्यांनी कायम कामगारांसाठी वसाहती व शाळा उभारल्या, उमेदवारी प्रशिक्षण दिले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाने कामगार संघटनांना शिक्षणवर्गांसाठी अनुदान देण्याची सोय केली. शहरी कामगारांच्या व्यवसायशिक्षणासाठी १९६७ मध्ये मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. अशा विद्यापीठांना २००० पासून जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. या सर्व सोयी मुख्यतः संघटित कामगारांसाठी होत्या. कंत्राटी कामगार, बांधकामावरील मजूर, दगडखाणी व वीटभट्ट्यांवरील कुटुंबे, भटक्या व विमुक्त जमातींच्या वस्त्या यांची मुले त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. वीटभट्टीवरील कुटुंब दिवाळीनंतर येते आणि पावसाळ्यापूर्वी परत जाते. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते.

या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांनी काम हाती घेतले. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेने पुढे पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात बांधकामांच्या जागीच वर्ग भरविले आणि जागा व खर्च यांबाबत बांधकाम व्यावसायिकांचे साहाय्य मिळविले. चिंचवड येथे गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये पारधी व इतर भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांना परंपरागत कौशल्यांसह शिक्षण दिले जाते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानंतर अशा उपक्रमांचे काम मुलाला स्वतंत्र वर्गात ठेवण्यापेक्षा त्याला जवळच्या शाळेत दाखल करून तेथे टिकवून धरणे, असे बदलत गेले.

कंपन्यांचे सामाजिक दायित्व : २०१४ पर्यंत उद्योगांचे शैक्षणिक साहाय्य ऐच्छिक होते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रु., उलाढाल १,००० कोटी रु. अथवा निव्वळ नफा ५ कोटी रु. वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाचा समावेश आहे व कंपनी जेथे काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे सांगितले आहे. केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. म्हणजेच वसाहतीच्या कुंपणाबाहेरील वस्तीकडे पाहण्याचे बंधन कायद्याने निर्माण केले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानदारीने गजबजलेल्या पट्ट्यात या तरतुदीचे महत्त्व उघड आहे.

तथापि येथेही जुना अंतर्विरोध नव्या रूपात प्रकट झाला. कंपनीने स्वतः वा शासनाने स्थापन न केलेल्या संस्थेला या निधीतून काम मिळण्यासाठी तत्सम कार्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थांची केंद्र शासनाकडे स्वतंत्र नोंदणी आवश्यक झाली आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातही नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांच्या कार्याची अट आहे. पैशाचा गैरवापर टाळण्यासाठी या अटी रास्त ठरतात. परंतु ज्या वस्तीत आजवर कोणीच काम केले नाही, तेथील नव्या मंडळाला पहिली तीन वर्षे वर्गणीवरच काढावी लागतात. फुले यांनी १८८२ मध्ये दाखविलेली अडचण ती हीच.

प्रस्तावाची घडण : अनुदानप्रस्तावाची सर्वसाधारण अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील. (१) संस्थेचा परिचय : नोंदणी, घटना, विश्वस्त, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब व आयकर कायद्याखालील मान्यता. (२) गरजेची पाहणी : वस्तीतील कुटुंबे, शाळेबाहेरील मुले, त्यांची भाषा, पालकांच्या कामाची वेळ व स्थलांतराचा हंगाम. जनगणनेचे आकडे पार्श्वभूमीपुरते उपयोगी पडतात, परंतु हंगामी वस्त्या त्यांत अनेकदा येत नाहीत. म्हणून घरोघर केलेली नोंद अधिक ग्राह्य ठरते. (३) उद्दिष्ट : ते मोजता येण्याजोगे व मुदतीने बांधलेले असावे. (४) कार्यपद्धती : वर्गाची जागा व वेळ, शिक्षकांची निवड, पाठ्यसामग्री आणि जवळच्या शाळेशी संबंध. (५) अंदाजपत्रक : इमारत व साधने यांचा अनावर्ती खर्च आणि मानधन, प्रवास व साहित्य यांचा आवर्ती खर्च वेगळा दाखविला जातो. लोकशिक्षणात आवर्ती खर्च, विशेषतः शिक्षकांचे मानधन, हाच मुख्य असतो. दात्यांचा ओढा मात्र बहुधा दिसणाऱ्या अनावर्ती खर्चाकडे असतो. (६) लोकांचा वाटा : जागा, श्रम, वर्गणी वा देखरेख या रूपांत. (७) मूल्यमापन व अहवाल. (८) अनुदान संपल्यानंतरची व्यवस्था.

मंजुरीनंतर रक्कम सामान्यतः हप्त्यांनी मिळते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र व प्रगतीचा अहवाल दिल्यावर पुढील हप्ता सोडण्यात येतो. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये, शाळेचे वर्ष जूनमध्ये व स्थलांतराचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होत असल्याने, निधी आणि मुले एकाच वेळी हजर असतील याची खातरी नसते. हप्ता लांबला, तर पहिला आघात शिक्षकांच्या मानधनावर होतो. म्हणून अनुभवी संस्था काही महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक वर्गणीतून राखून ठेवतात.

मूल्यमापनाच्या बाबतीत १८६० नंतरच्या दशकातील अनुभव आजही उद्बोधक आहे. केवळ उत्तीर्णांची वा प्रमाणपत्रांची संख्या हेच फलित मानले, तर संस्था सोप्या वस्तीकडे व हुशार मुलांकडे वळतात. याउलट मोजमापच नसेल, तर कागदोपत्री केंद्रे वाढतात. मूल कोठून सुरुवात करून कोठवर आले याची नोंद ठेवणे, अनियमित मुलांची स्वतंत्र गणना करणे व पालकांना वर्गाच्या पाहणीत सहभागी करून घेणे, हे या दोन टोकांमधील मार्ग होत.

समालोचन : तळेगावच्या दक्षिणेपासून चाकणच्या कारखान्यांच्या वैधानिक दायित्वापर्यंतच्या सु. तीनशे वर्षांत आश्रयाची कल्पना मूलतः बदलली. व्यक्तीला मिळणारे दान प्रथम संस्थेचे अनुदान झाले, मग कराचा परतावा मानले गेले व शेवटी शिक्षण हा मुलाचा हक्क ठरला. मागणीचे स्वरूप मात्र तेवढ्या प्रमाणात बदलले नाही. अर्ज अद्यापही लिहिता येणाऱ्यालाच करावा लागतो. त्यामुळे नव्या मंडळांना प्रस्तावलेखन व हिशेब यांचे प्रशिक्षण देणे, अनुभवी संस्थेने लहान गटाची जबाबदारी घेऊन त्याला पहिली तीन वर्षे आधार देणे आणि अर्ज नसलेल्या वस्त्यांचा शोध दात्याने वा शासनाने स्वतः घेणे, या उपायांना लोकशिक्षणात अनुदानाच्या रकमेइतकेच महत्त्व आहे. १८४९ च्या अर्जदारांना लेखणी अवगत होती आणि तिचा उपयोग त्यांनी आपल्या वर्गाबाहेरच्या लोकांसाठी केला. सार्वजनिक निधीचे दार त्यामुळे काही अंशी उघडले गेले. हे दार ज्यांच्यासाठी उघडावयाचे त्यांच्यापर्यंत ते नेण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे.